घरचा बर्फ

दुबिना, सोमवार, १० मार्च १९९७

लुबोश,

तीन वर्षांनी तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला तुमच्या झालेसीचं चर्च, मागे तीन शब्द. "लाज वाटू दे." खाली धड सहीसुद्धा नाही, नुसता 'ल'. बसवाल्या वोंद्राने ते माझ्या हातात ठेवलं तेव्हा त्याने आधीच वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आत्तापर्यंत सगळ्या गावाला कळलं असेल की क्वेताच्या नवऱ्याला वाचा फुटली.

तर ऐक. मला लाजबिज काही वाटत नाही. शनिवारी आम्ही पाच-एकने जिंकलो, रविवारी चार-एकने. तुमच्या हॉकी संघाची ती वाऱ्यासारखी पळणारी पोरं, ज्यांचे रोज पेपरात फोटो येतात, ती आमच्या बर्फावर चिखलात रुतलेल्या वासरांसारखी उभी होती. चकती मारायला जावं तर चकती पाण्यात अडकायची. तुमचा कोच पत्रकारांपुढे गळा काढून सांगत होता, दुबिनाचा बर्फ नव्हे, दलदल आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि हो, अंगण वाकडं मीच केलंय. मुद्दाम. बर्फ उणे दोन अंशांवर ठेवला, म्हणजे मऊ. आमचा कप्तान रादिम हुल्का सदतिसाचा आहे, त्याच्या दोन्ही गुडघ्यांत मिळून एक धड गुडघा निघेल, आणि बाकीचेही त्याच्याच वयाचे. म्हाताऱ्या संघाला सावकाश बर्फ लागतो. घरचा बर्फ घरच्यांसाठी असतो, लुबोश. हे तुला कधी पटलं नाही, म्हणून तर तू झालेसीत आहेस आणि मी इथे.

तुम्हाला काय, तुम्ही खालच्या गटातून वर यायला खेळताय. जमलं तर जमलं. आम्ही पाचातले तीन सामने नाही जिंकलो तर खाली जाणार, आणि नगरपालिकेने सांगून टाकलंय की खालच्या गटातल्या संघासाठी ते एवढी वीज जाळणार नाहीत. स्टेडियम फर्निचरवाल्याला गोदामाला देणार. पंचवीस वर्षं, त्यातली बावीस तुझ्याबरोबर, जिथे बर्फ केला तिथे सोफे मांडणार. तेव्हा लाज कशाची बाळगू ते सांग.

शनिवारी महिला दिन होता. अध्यक्ष पेशेकसाहेबांनी मला सगळ्यांसमोर कार्नेशनचं फूल दिलं आणि म्हणाले, आमची क्वेता म्हणजे सातवा खेळाडू. तू बावीस वर्षांत एकदाच फूल दिलं होतंस, आणि तेही क्लबने वाटलेलं.

बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, तुझ्यावाचून. तू होतास तेव्हा दर शुक्रवारी दोन तास मशिनच्या खोलीत जाऊन झोपा काढायचास, तेवढा वेळ आता वाचतो. मी दर आठवड्याला त्याला तेल घालते आणि तो गात राहतो. वोंद्रा जायची घाई करतोय. पोस्टापेक्षा तो बरा, फोन तर तू माझा आवाज ऐकला की ठेवतोस.

क्वेता
दुबिना स्टेडियमची मुख्य बर्फवाली


दुबिना, रविवार, १६ मार्च

महाशय,

सात-एक आणि सहा-दोन. झालं समाधान? दोन-दोन बरोबरी. आता शेवटचा सामना शनिवारी आमच्याकडे. घरी आम्ही, घरी तुम्ही, परक्याच्या दारात कुणाचीच डाळ शिजत नाही.

मी काही सामन्याला आले नव्हते. मला इथे कामं आहेत. वोंद्राने सांगितलं सगळं. तुझा बर्फ काचेसारखा होता म्हणे, आणि आमचे म्हातारे त्यावर दर दोन मिनिटांनी बसत होते. तू हल्ली कान झाकणारी हिरवी टोपी घालतोस, ती तुला अजिबात शोभत नाही असंही वोंद्रा म्हणाला. बर्फ घासायची गाडी डाव्या कोपऱ्यात वळवताना अजून जीभ बाहेर काढतोस. आणि गाडीच्या मागे पाणी पसरायचं जे फडकं आहे ते उजवीकडे झिजलंय, त्यामुळे हातभर पट्टा कोरडा राहतो, ते बदलून घे. दुसऱ्या विश्रांतीत तू एकटाच कठड्याला टेकून पाव खात होतास, लोणी न लावलेला. वोंद्राची नजर फार तीक्ष्ण आहे.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. परत तेच चर्च. या वेळी एकच शब्द. "मोज." काय मोजू? सगळं मोजलेलं आहे. मी बर्फ मुद्दाम मऊ ठेवला असं तुला एकदा सांगितलं ना, मग विषय संपला. तू बावीस वर्षं माझ्या बर्फात पट्टी खुपसत फिरलास, आता दुसऱ्या गावातूनही खुपसणार आहेस का?

अध्यक्ष खूश आहेत. शनिवारी परत तसाच बर्फ कर म्हणाले, किंबहुना थोडा जास्तच. पाहुण्यांच्या खोलीतला हीटर ते स्वतः पूर्ण सोडणार आहेत, म्हणजे पोरं घामाघूम होऊनच बाहेर येतील. मी बरं म्हटलं.

कॉम्प्रेसर छान आहे. अधूनमधून खोकतो. मार्च आहे, सगळेच खोकतात. जाता जाता विचारते, एखादा कॉम्प्रेसर आठवड्याला दोन डबे तेल प्यायला लागला तर ते जास्त झालं का? माझ्यासाठी नाही. वोंद्राचा मेव्हणा आइस्क्रीमच्या कारखान्यात आहे, त्याला हवंय.

क्वेता


दुबिना, बुधवार, १९ मार्च

लुबोश,

आइस्क्रीमच्या कारखान्यावर तुझा विश्वास बसला नसणार. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही. आज योसेफ नावाच्या सगळ्यांचा सण, अध्यक्ष पेशेकही योसेफच, त्यामुळे ते सकाळपासून स्वतःच्याच नावाने पीत बसलेत आणि मला दोन तास निवांत मिळालेत. एका दमात लिहून टाकते, नाहीतर परत धीर व्हायचा नाही.

बर्फ मी मऊ ठेवला नव्हता. तो तसा झालाय.

जानेवारीत मशिन जीव तोडून चालवलं तर उणे चार यायचं. फेब्रुवारीत उणे तीन. तुमच्या सामन्यांना उणे दोन होतं, ते मी ठेवलं म्हणून नाही, तिथपर्यंतच गेलं म्हणून. आज सकाळी उणे एक. बाहेर चौदा अंश ऊन पडलंय. बर्फाखालची लाल रेघ आता वाकडीतिकडी दिसते, आणि आमचा गोलरक्षक सरावाला आला तर त्याच्या चौकटीत बोटभर पाणी. तो हसला आणि मला डोळा मारला. त्याला वाटलं, क्वेताताईंचा डाव.

सगळ्यांनाच तसं वाटतं. पेशेक पाठ थोपटतात. बेकरीवाली मला दोन पाव जास्त घालते. पहिल्या सामन्यानंतर तुमच्या कोचने मला लबाड म्हटलं ना, तेव्हा मला, खरं सांगू, हायसं वाटलं. लबाड म्हणवून घेणं मला चाललं. बर्फवालीला बर्फ जमत नाही, हे कुणी म्हटलेलं चाललं नसतं. आणि तुझ्याकडून तर नाहीच नाही. म्हणून तुलाही थाप मारली.

शनिवारी दुपारी चारला पंच येऊन बर्फ तपासतील. पाणी साचलेलं दिसलं तर सामना इथे होणारच नाही, तुमच्याकडे हलवतील. तुमच्याकडे आम्ही दोन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. मग आम्ही खाली आणि सोफे आत. ब्रनोच्या मेकॅनिकला तीनदा फोन केला, तो एप्रिलमध्ये येतो म्हणतो. मी तेल वाढवलं, पंपाचं पाणी बदललं, पंखे पुसले, कॉम्प्रेसरला शिव्या दिल्या. काही उपयोग नाही.

आता दुसरं. हे जास्त अवघड आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या सामन्याच्या दिवशी पेशेकनी मला दुपारीच थंडी बंद करायला सांगितली, मी केली. तू येऊन परत सुरू केलीस. बर्फ कडक झाला, आम्ही हरलो. पेशेकनी कचेरीत विचारलं, कुणी सुरू केलं? मशिनला काही हातांचे ठसे नव्हते. कुणाचंही नाव घेता आलं असतं, वीजवाल्याचंसुद्धा. मी म्हटलं, "लुबोशने." तू तिथेच उभा होतास. तू नुसती हातमोज्यांची जोडी टेबलावर ठेवलीस.

मी गावात सगळ्यांना सांगत आले की नवरा मला सोडून गेला. तू सोडून गेला नाहीस. मी बोट दाखवलं आणि त्यांनी तुला काढलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायची गरज नव्हती, तुला माहीतच होतं, पण मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं.

आणि तिसऱ्या सामन्याला मी आले होते. खांबामागे, तुमचा मफलर गुंडाळून. वोंद्राला चष्म्याशिवाय स्वतःची बस सापडत नाही.

तू त्यांचा माणूस आहेस. आमचा बर्फ बिघडला तर सामना तुझ्या घरी होणार, तुमचं भलंच आहे. तेव्हा मदत कर असं मी म्हणत नाही.

म्हणते. मदत कर.

क्वेता


दुबिना, गुरुवार, २० मार्च

लुबोश,

कार्ड मिळालं. "शनिवार सहाची बस. तेल घालू नको." सहा शब्द. मी तीनदा मोजले. एवढी उधळपट्टी तू लग्नातही केली नव्हतीस.

वोंद्राने वाचलंय, पण त्याला मी सांगितलंय की एक अक्षर बोललास तर तुझ्या बायकोला कळेल की मंगळवारी तू संघटनेच्या बैठकीला जात नाहीस. तो गप्प राहील. मागच्या दाराने ये. ती हिरवी टोपी घालू नकोस. कुणी ओळखेल म्हणून नाही, मला बघवत नाही म्हणून.

वोंद्रा म्हणतो की तुमच्या कोचने तुला आठवडाभर बर्फ मऊ ठेवायला लावलाय, पोरांना दुबिनाच्या दलदलीची सवय व्हावी म्हणून. आणि तू ठेवलास. लुबोश, तू? सगळ्या दुनियेला बर्फाचा धर्म शिकवणारा? मला काल रात्रभर हसू येत होतं. हसून झाल्यावर वाईट वाटलं, कारण त्या दलदलीचा उगम माझ्या मशिनमध्ये आहे.

लसणाचं सूप करून ठेवते. त्याचा अर्थ काही काढू नकोस, ब्रनोचा मेकॅनिक आला असता तर त्यालाही दिलं असतं.

क्वेता


दुबिना, सोमवार, २४ मार्च

लुबोश,

तू साडेबाराला मागच्या दाराने गेलास. पुढचं तुला वोंद्राकडून कळलं असणार, पण वोंद्रा अर्धं पदरचं घालतो, म्हणून मी लिहिते.

आधी सकाळचं. तिथे मी गप्प बसले, कारण बोलले असते तर भांडले असते. तू आलास, नमस्कार नाही की चमत्कार नाही, मशिनमधल्या अमोनियासाठी मुखवटा चढवलास, मशिनमागे भिंतीशी वाकलास आणि टाकीच्या तळाचा तो बोटाएवढा नळ उघडलास. तो नळ मला ठाऊक होता. मला वाटायचं तो जुन्या पाण्याच्या लायनीचा. त्यातून काळं तेल यायला लागलं. एक बादली, दोन बादल्या, मग अर्धी. मी तीन वर्षं कॉम्प्रेसरला पाजलेलं सगळं तेल खाली थंड टाकीत साचून बसलं होतं आणि नळ्यांचा गळा आवळत होतं. मी म्हणत होते, हा एवढं पितो तरी जोर का नाही. आणि जितका जोर कमी, तितकं मी जास्त पाजत होते.

आणि मग तू म्हणालास, "मी दर शुक्रवारी काढायचो."

बावीस वर्षं, लुबोश. बावीस वर्षं मी शेजारणींना सांगत होते की माझा नवरा शुक्रवारी मशिनच्या खोलीत घोरतो. एकदा तरी म्हणायचंस, बाई गं, मी तिथे तेल काढतो. तुला वाटलं मला माहीत आहे. मला वाटलं तू झोपतोस. आपला अख्खा संसार असाच चालला.

माझे डोळे भरले तेव्हा तू विचारलंस, रडतेस का? मी म्हटलं, अमोनिया. अर्धा अमोनिया होता.

तू गेल्यावर बर्फ असा आवळत गेला की मला बघताना अंगावर काटा आला. एकला उणे तीन, दोनला उणे चार. सव्वादोनला पेशेक आले. त्यांनी बसथांब्यावर तुझी पाठ पाहिली होती. बर्फावर टाच आपटून पाहिली, टाच वाजली, आणि त्यांचा चेहरा त्यांच्याच कारखान्यातल्या सॉसेजसारखा झाला. म्हणाले, शत्रूचा माणूस आत शिरला आणि बर्फ कडक करून गेला, त्या पोरांना याच्यावर आमचे म्हातारे कसे धरणार, आत्ताच्या आत्ता थंडी बंद कर. अडीच तासांत मऊ होईल. पंचांपुरतं पाणी पुसून घेऊ.

तोच माणूस, तेच वाक्य, फक्त तीन वर्षं मधे. आणि लुबोश, पेशेक चुकीचं बोलत नव्हते. कडक बर्फ तुमच्या पोरांचा, हे मलाही दिसत होतं. मशिनच्या खोलीचं दार माझ्या पाठीमागे हातभर होतं, आत बटण. मला सोफे दिसत होते, निळ्या मखमलीचे.

मी म्हटलं, "पेशेकसाहेब, मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं आणि घरातला माणूस गेला. आता घरात कुणी उरलं नाही. तुम्ही मला कशाची भीती घालणार?"

ते म्हणाले, "नोकरीची."

मी म्हटलं, "ती सोमवारी काढून घ्या. आज बर्फ माझा आहे."

आणि मशिनच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. ते बराच वेळ दार बडवत होते. मी उरलेलं सूप पीत बसले. अर्धं सूप मांडीवर सांडलं. तुला वाटेल मी शूरपणाने बसले होते. मला सारखं वाटत होतं उठावं आणि बटण दाबावं. पंच आले, बर्फ तपासून म्हणाले या मोसमातला सगळ्यात चांगला बर्फ, तेव्हा मी बाहेर आले.

आता गंमत ऐक. तुमच्या पोरांनी दलदलीसाठी स्केट्सची पाती बोथट घासून आणली होती, मऊ बर्फात रुतू नयेत म्हणून. आमच्या काचेवर ती अशी घसरत सुटली की पहिल्या पाच मिनिटांत दोघं आमच्या राखीव खेळाडूंच्या मांडीवर येऊन बसली. तुमचा कोच बर्फाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग परत बर्फाकडे. आणि आमचे म्हातारे? ते जानेवारीपासून चिखल तुडवत सराव करत होते. त्यांना एकदम डांबरी रस्ता मिळाला. रादिम हुल्का, दोन्हींत मिळून एक गुडघा, तो पळत होता. त्याची बायको उभी राहून विचारत होती, हा माझाच ना? वीस मिनिटांत तीन-शून्य.

विश्रांतीत तुमच्या लोकांनी पाती परत धार लावून आणली आणि मग मात्र त्यांनी आम्हाला रडवलं. तीन-एक, तीन-दोन, शेवटच्या मिनिटाला तीन-तीन. मी गाडीवर बसून बर्फ घासत होते आणि मनात म्हणत होते, क्वेता, तू स्वतःच्या हाताने गाव बुडवलंस. जादा वेळात अकराव्या मिनिटाला हुल्काने मैदानाच्या आपल्याच अर्ध्या भागातून चकती नुसती पुढे ढकलली, बदली खेळाडूला आत सोडून बाहेर बसायचं म्हणून, दम संपला होता त्याचा. मऊ बर्फावर ती मधेच थांबली असती. ती थांबली नाही. तुमच्या गोलरक्षकाला वाटलं बाहेर जाईल. आत गेली.

चार-तीन. आम्ही राहिलो. सोफे दुसरीकडे जातील.

सकाळच्या पेपरात काय आलंय माहितेय? "क्वेताचा महाडाव: आधी दलदल दाखवली, मग काच." मी त्या वार्ताहराला स्वतः सांगितलं की बाबा रे, डाव नव्हता, मशिन बिघडलं होतं, माझ्या अडाणीपणाने, आणि दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केलं. त्याने छापलं, "बाई पत्ते उघडायला तयार नाहीत." पेशेक नोकरीचं विसरले, गालाचा मुका घेऊन गेले. लबाड म्हणवून घेणं मला चालतं असं मी लिहिलं होतं ना? आता नाही चालत. सगळं गाव तुझ्या कामासाठी माझी पाठ थोपटतंय आणि तुझं नाव घेतलं तर तुझी नोकरी जाईल म्हणून मी दात ओठ खाऊन हसतेय.

तुझ्याकडे कुणी काही बोललं नाही ना? पेशेकनी तुला थांब्यावर पाहिलंय, आणि त्यांची जीभ बिअरबरोबर सैल होते.

क्वेता


दुबिना, गुरुवार, ३ एप्रिल

लुबोश,

पेशेक बोलले. ईस्टरच्या शनिवारी, बिअरच्या दुकानात, सगळ्यांसमोर, की झालेसीचा बर्फवाला आपल्या क्वेतासाठी फितूर झाला. रविवारी ते तुमच्याकडे पोचलं आणि तुझी चौकशी लागली असं वोंद्रा म्हणाला. सोमवारी सुट्टी. मंगळवारी मी तुमच्या अध्यक्षाकडे जाऊन उभी राहिले, खरं काय ते सांगायला. मंगळवारी एक एप्रिल होता हे बसमधून उतरल्यावर लक्षात आलं.

मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे सामन्याच्या सकाळी तो लपून तुमच्याकडे आला होता?"

"हो."

"त्याने तुमचा बर्फ दुरुस्त केला?"

"हो."

"आणि आमच्या पोरांची पाती त्या बर्फासाठी चुकीची निघाली?"

"हो, पण त्यात त्याचा काही दोष नाही."

त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच्या बाजूने आलात की विरुद्ध?"

काल वोंद्राने सांगितलं की तुला काढलं. मागच्या वेळी मी खरं बोलले आणि तुझी नोकरी गेली. या वेळी खरं बोलले, परत गेली. तुझ्या बाबतीत मी एकदा तरी खोटं बोलायला हवं होतं.

तिथून निघताना मी काचेतून आत पाहिलं. तू गाडीवर होतास. मोसम संपलाय, सामना नाही, सराव नाही, एक माणूस आत नाही, आणि तू बर्फ घासत होतास. मला हाक मारता आली असती. बस सुटेल म्हणून मारली नाही असं स्वतःला सांगत मी थांब्यावर पाऊण तास उभी होते. तुझा बर्फ माझ्यापेक्षा चांगला आहे, लुबोश. पहिल्यापासून होता. हे मी कधीच म्हटलं नाही, कारण मग घरात माझं काय उरलं असतं असं मला वाटायचं.

मी पेशेकना म्हटलं, त्याला परत घ्या, मुख्य म्हणून, मी त्याच्या हाताखाली गाडी चालवीन. ते म्हणाले, तो माणूस या दारात पाय ठेवणार नाही, आज त्यांना फितूर झाला, उद्या आपल्याला होईल. मी खूप भांडले. नाही म्हणजे नाही. तेव्हा इथे तुझ्यासाठी नोकरी नाही.

मशिनसाठी ये म्हणावं तर तेही नाही. गेल्या शुक्रवारी मुखवटा लावून मी एकटीने नळ उघडला, तेल काढलं, नळ बंद केला. अर्धा डबा निघालं. बर्फ उणे पाच आहे. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, हे मी तीन वर्षं तोंडाने म्हणत होते, आता ते खरंच झालंय.

तुला बोलवायला मी दोन दिवस कारण शोधतेय. एकही सापडत नाही.

तरी ये.

क्वेता